ब्रश फिरवा, पण बोटांनी बघा

दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची मिरवणूक निघते, ती सागरमाळाला किंवा कसबा बावड्यात उभं राहून एकदा बघावी. शिंगं रंगवलेली, त्यांवर मोरपिसं, गळ्यात घुंगरांच्या माळा आणि अंग असं तुकतुकीत की हात फिरवायचा मोह व्हावा. ही तुकतुकी आदल्या दिवशीच्या तेलपाण्यानं येत नाही. वर्षभर धारेच्या वेळेला जो हात म्हशीच्या अंगावरून फिरतो, त्याचं ते फळ असतं. आणि तो हात नुसता मळ काढत नाही. कासेला सूज आहे का, कानामागं गोचीड आहे का, खुरात काही रुतलंय का, हे सगळं गवळ्याला म्हैस धुता धुता कळतं. डॉक्टरचा नंबर त्यानंतर लागतो.

कोल्हापूरजवळचं कळंबा म्हटलं की बाहेरच्यांना मध्यवर्ती कारागृह आठवतं, इथल्या माणसाला तलाव. त्या तलावाच्या बाजूला, गारगोटी रोडच्या दोन्ही अंगांना आता बंगले आणि अपार्टमेंट उभी राहिली आहेत आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या हातात कुत्र्याची साखळी दिसणं नेहमीचं झालं आहे. लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन, पग, कुणाचा हस्की, कुणाचं रस्त्यावरून उचलून आणलेलं देशी पिल्लू. यातल्या निम्म्या घरांत ग्रूमिंग म्हणजे सुगंधी शाम्पू, गळ्यात बो आणि वाढदिवसाचा फोटो. उरलेल्या निम्म्या घरांत ‘कुत्र्याला कसले आलेत एवढे लाड’. दोन्हीकडं एक गोष्ट राहून जाते. कुत्र्याच्या अंगावरून नेमानं फिरणारा हात ही त्याची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर होणारी आरोग्य तपासणी आहे. कुत्रं दुखणं सांगत नाही, उलट होईल तितकं लपवतं. आजार चेहऱ्यावर दिसेपर्यंत तो बऱ्याचदा आत रुजलेला असतो. त्वचेवर, कानात, हिरडीत त्याची खूण त्याआधीच उमटलेली असते.

म्हणून आधी हात, मग ब्रश. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पुरतात. कुत्र्याला जेवण झाल्या झाल्या किंवा खेळून दमून आल्यावर जवळ घ्या आणि क्रम ठरवून टाका, म्हणजे काही सुटत नाही. सुरुवात तोंडापासून. ओठ वर उचलून हिरडी बघा. निरोगी हिरडी गुलाबी असते. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघावा. कुत्रं ठणठणीत असताना हा रंग नीट बघून ठेवला असेल तरच उद्या आलेला फिकटपणा ओळखता येतो. तिथून हात कानाच्या मुळाशी, गळ्याच्या पट्ट्याखाली, पुढच्या काखेत, बरगड्यांवर, पोटाखाली, जांघेत, शेपटीच्या बुडाशी आणि शेवटी प्रत्येक पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. बोटं केसांच्या उलट्या दिशेनं न्यायची, म्हणजे खालची कातडी दिसते: कोंडा, लाली, खपली, काळे ठिपके.

बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, लांबून डोळ्यांना मोजता येऊ नयेत, हा वजनाचा साधा हिशेब. फ्लॅटमधल्या लॅब्राडॉरच्या बरगड्या शोधाव्या लागतात आणि मालकाला त्याचं कौतुक वाटतं. कारवानी किंवा मुधोळ जातीच्या कुत्र्यांना मात्र हे माप लावू नका. त्यांच्या शेवटच्या काही बरगड्या आणि कमरेची हाडं दिसणं हीच त्यांची ठेवण आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानानं नावारूपाला आणलेला हा शिकारी कुत्रा २००५ साली टपाल तिकिटावर झळकला, त्या चित्रातलं सडपातळ पोट बघितलं तरी पुरे. आपल्या भागात या जातीची कुत्री पुष्कळ आहेत, आणि ‘हाडं निघालीत’ म्हणून त्यांना चारून चारून जाड करणारी घरंही आहेत.

याच हाताला गाठी लागतात. माद्यांच्या पोटाखाली दोन्ही बाजूंनी सडांची रांग असते. पिल्लं बंद करण्याची शस्त्रक्रिया न झालेल्या, वय झालेल्या मादीत तिथं वाटाण्याएवढी गाठ लागली तर ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नये. स्तनाच्या गाठींपैकी बऱ्याच कर्करोगाच्या निघतात आणि लहान असताना काढली तर सुटका होण्याची शक्यता मोठी असते. जबड्याखाली आणि मागच्या गुडघ्याच्या पाठीमागं रसग्रंथी असतात. त्या दोन्ही बाजूंना एकदम फुगल्या असतील तर तेही दाखवण्याजोगं. गाठ कुठं, केवढी, कधी लागली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरला ‘बरेच दिवस झाले’ या उत्तराचा काही उपयोग नसतो.

आता गोचीड. आपल्याकडं कुत्री आजारी पडण्याचं हे एक मोठं कारण, त्यामुळं इथं जरा थांबू.

शेजारच्या गोठ्यातून गोचीड येतात अशी पक्की समजूत असते आणि बिचाऱ्या म्हशीला दोष जातो. गुराढोरांवरचा नेहमीचा गोचीड वेगळा. कुत्र्याला धरतो तो तपकिरी गोचीड, शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनिअस, आणि त्याचा मुक्काम तुमच्याच घरात असतो. आयुष्यात तीन वेळा तो कुत्र्याच्या अंगावर चढतो, रक्त पितो आणि खाली उतरतो. उतरला की भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागं, जिन्याखालच्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या घराच्या फळ्यांत शिरतो. वर चढायची त्याला खोड आहे, म्हणून भिंतीवर छताजवळ चाललेला गोचीड दिसतो. रक्त पिऊन टरारलेली मादी एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. मोठा गोचीड उपाशी कित्येक महिने काढू शकतो. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे घरात आपापल्या पाळीची वाट बघत असतात. एकदा औषध मारलं आणि पंधरा दिवसांनी परत गोचीड दिसले, तर औषध खोटं होतं असं नाही. ती पुढची पाळी असते.

या गोचिडातून एर्लिकिया आणि बॅबेसिया या जंतूंचा संसर्ग होतो, त्याला सगळे ‘टिक फीव्हर’ म्हणतात. कुत्रं खाणं सोडतं, ताप चढतो, मरगळ येते. हिरड्या पांढुरक्या होतात. पोटावर किंवा हिरडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी गडद चहाच्या रंगाची होते. यातलं एकही चिन्ह दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्ततपासणीत प्लेटलेट उतरलेल्या सापडतात. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, पण कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून गोळ्या बंद केल्या की दबलेला आजार महिन्यांनी परत डोकं वर काढतो, मग तो थेट अस्थिमज्जेवर जातो. बॅबेसियाला औषध वेगळं लागतं, त्यामुळं शेजाऱ्याच्या कुत्र्याची चिठ्ठी आपल्या कुत्र्याला चालवू नये. ताप आहे म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल तर अजिबात देऊ नका. पोटात रक्तस्राव, किडनी, यकृत यांवर ते जातं.

एर्लिकियाचा जंतू गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच रक्तात उतरू शकतो. म्हणून तपासणी रोजची म्हटली. गोचीड लपतो त्या जागा ठरलेल्या: कानाची आतली घडी, कानाच्या कडेला असलेला छोटा कप्पा, गळपट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. पिल्लू गोचीड तिळापेक्षा मोठा नसतो, बोटाला फक्त खडबडीत कण लागतो. काढायचा तर बारीक टोकाच्या चिमट्यानं अगदी कातडीलगत, तोंडाजवळ धरायचा आणि सरळ वर, हळू पण न थांबता ओढायचा. पिळायचा नाही, पोटाशी धरून दाबायचा नाही, नखानं चिरडायचा तर नाहीच. रॉकेल, काडेपेटी, मीठ यांचे प्रयोग नकोत. काढलेले गोचीड साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरीटच्या बाटलीत टाका. नंतर जागा पुसून घ्या आणि हात धुवा. एका वेळी अंगावर डझनावारी गोचीड असतील तर चिमट्याचा नाद सोडून डॉक्टरकडं जा.

डॉक्टर गोळी देतील, पाठीवर टाकायचं औषध देतील किंवा औषधी पट्टा सांगतील. आताच्या गोळ्यांपैकी काहींचा असर महिनाभर, काहींचा जवळपास तीन महिने टिकतो. कुत्र्याला पूर्वी कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा. पाठीवर टाकायचं औषध असेल तर त्याच्या दोन दिवस आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ टाळा, नाहीतर पैसे मोरीत जातात. आणि दुकानात जनावरांसाठी मिळणारं डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ ‘बादलीत एक झाकण’ अशा मापानं कुत्र्यावर ओतायची पद्धत आहे, ती बंद झाली पाहिजे. म्हशीचं माप कुत्र्याला लागू होत नाही. भिजलेलं अंग चाटून ते पोटात जातं, मग लाळ, थरथर, झटके. घरात मांजर असेल तर परमेथ्रिनवालं कोणतंही औषध घरात आणूच नका, मांजराला ते मारक आहे. लूत लागली म्हणून गाडीचं जळकं ऑइल चोपडणं हाही असाच एक गावठी उपाय. त्यानं किडा मरो न मरो, कातडी भाजते आणि चाटलेलं तेल पोटात जातं.

औषधाइतकंच घर महत्त्वाचं. कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. त्याच्या झोपायच्या जागेच्या आसपासच्या भेगा सिमेंटनं किंवा पुट्टीनं बुजवा. जुन्या दगडी कंपाउंडला टेकून कुत्र्याचं घर बांधलेलं असेल तर ते तिथून हलवा. गोचिडांचा उपद्रव असेल तर हे सगळं किमान दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं, कारण भेगेतल्या अंड्यांपासून नवे मोठे गोचीड व्हायला तेवढा वेळ लागतो.

पाऊस संपला की दुसरा शत्रू तयार होतो, आणि त्याच्याबद्दल शहरी पुस्तकांत फारसं लिहिलेलं नसतं: कुसळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तलावाच्या बाजूच्या मोकळ्या गवतात, कात्यायनी मंदिराकडच्या माळाला कुत्रं मोकळं सोडून बघा. परत येतं तेव्हा केसांत कुसळं खोचलेली असतात. एक कुसळ काढून तळहातावर घ्या. टोक सुईसारखं, टोकाच्या मागं उलट्या दिशेनं वळलेले बारीक केस, आणि वर लांब काळपट शेपूट. त्यावर थोडं पाणी टाका, शेपूट स्वतःभोवती पीळ घ्यायला लागतं. गवताचं बी जमिनीत रुतावं म्हणून निसर्गानं केलेली ही व्यवस्था, पण कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात ओल मिळाली की तेच यंत्र मांसात चालू होतं. उलट्या केसांमुळं ते फक्त पुढं सरकतं, मागं येत नाही.

कुत्रं एकच पाय सारखा चाटतंय, बोटांमध्ये सुजलेला फोड आहे, त्यातून पातळ पाणी येतंय, अँटिबायोटिकनं आठवडाभर बरं वाटतं आणि परत तेच, अशी गोष्ट असेल तर आत कुसळ आहे असं धरून चाला. कानात गेलं तर कुत्रं अचानक मान एका बाजूला कलती धरतं आणि डोकं झाडत राहतं. नाकात गेलं तर एकाएकी शिंकांचा सपाटा. कान-नाकातलं कुसळ घरी काढायला जाऊ नका, पडदा फाटतो. घरी करायचं ते एवढंच: या दोन-तीन महिन्यांत फिरून आल्यावर दारातच पाय, काखा, कान तपासायचे, बोटांमधले आणि तळव्यांमधले वाढलेले केस कात्रीनं छोटे ठेवायचे. झुपकेदार कानांचं स्पॅनियल किंवा कारवानीचा लांब केसांचा भाऊ पश्मी असेल तर कानाच्या झालरीवरून आधी हात आणि मग कंगवा. वरून दिसणारं कुसळ त्याच वेळी निघालं तर बाकी काही करावं लागत नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं. कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की चार महिने कुत्र्याचं अंग नीट वाळतच नाही, आणि ओल्या केसाखाली बुरशी, वास, खाज सुरू होते. लोकांना वाटतं वास येतोय म्हणजे अंघोळ घालावी. होतं उलटं: अंघोळ, मग परत ओल, मग परत वास. पावसाळ्यात अंघोळी कमी करा, पुसणं वाढवा. बाहेरून आलं की जुन्या सुती पंचानं पोट, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. उसाच्या फडाकडेच्या किंवा पुराच्या साचलेल्या पाण्यातून आलं असेल तर आधी स्वच्छ पाण्यानं पाय धुवून मग पुसायचे. फडात उंदीर असतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर हा शब्द कोल्हापुरात माणसांच्या बाबतीत सगळ्यांना ऐकून माहीत झाला. कुत्र्यांनाही तो होतो, किडनी आणि यकृत निकामी करतो आणि कुत्र्याकडून माणसाला येऊ शकतो. त्याची लस कुत्र्यांच्या एकत्रित लसींत असते. आपल्या कुत्र्याला दिलेल्या लसीत ती आहे का, ते कार्डवर बघून घ्या.

पावसाळ्यातला सगळ्यात किळसवाणा आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा प्रकार म्हणजे जखमेत किडे पडणे. लांब केसांच्या कुत्र्याच्या शेपटीखाली घाण चिकटून जटा झालेल्या असतात, खाली कातडी ओली होऊन फुटलेली असते, माशी अंडी घालते आणि एक-दोन दिवसांत अळ्या मांसात शिरतात. वरून काहीच दिसत नाही, फक्त कुजका वास आणि कुत्र्याचं सारखं वळून बघणं. शेपटीखालचे केस आखूड ठेवले आणि तिथं रोज नजर टाकली तर हे होतच नाही. झालं असेल तर डॉक्टरकडूनच साफ करून घ्यायचं, कारण दिसतात त्याच्या कितीतरी पट अळ्या आत असतात.

अंघोळ एरवी तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते. कुत्र्याच्या त्वचेचा सामू साधारण सातच्या आसपास, माणसाचा साडेपाचच्या जवळ, त्यामुळं आपला साबण आणि शाम्पू त्यांना मानवत नाही. कातडीवरचं तेल निघून जातं, कोंडा होतो, खाज सुटते, आणि खाजेसाठी परत अंघोळ घातली जाते. जंतू मरावेत म्हणून पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकायची सवयही सोडा. औषधी शाम्पू डॉक्टरनं दिला असेल तर तो अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. घड्याळ लावा, कारण ओल्या कुत्र्याला धरून ठेवलेली दोन मिनिटंही दहा वाटतात. अंघोळीआधी ब्रश करून जटा सोडवायच्या, नंतर नाही. ओली जट आवळते आणि तिच्याखालची कातडी वाळत नाही. कळंबा तलावात मात्र कुत्री धुऊ नका. ते पाणी पिण्यासाठी वापरलं जातं.

म्हशीची तुलना इथं सोडून द्यावी लागते. गवळी म्हैस भादरतो ते बरोबर आहे, तिला पाण्यानं आणि चिखलानं गारवा घ्यायचा असतो. ते बघून लोक एप्रिलमध्ये हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, पॉमेरियन यांना मशीन लावून गुळगुळीत करून आणतात. कुत्रं धाप टाकून थंड होतं, घाम त्याला फक्त तळव्यांना येतो. या जातींना दोन थरांचे केस असतात: वरचे राठ, खालचे मऊ दाट. मधली हवा थंडीत ऊब धरते तशी उन्हाची झळही अडवते. वरचा थर काढून टाकला की ऊन थेट कातडीवर येतं, आणि काही कुत्र्यांचे, विशेषतः पॉमेरियनचे, केस नंतर नीट उगवतच नाहीत. त्यांना लागतो तो खालचा मेलेला थर ब्रशनं काढून टाकणं. केस गळायच्या हंगामात रोज, एरवी आठवड्यातून दोनदा. शिटझू, पूडल यांचे केस सारखे वाढत राहतात, त्यांना कापणं गरजेचंच आहे. देशी कुत्र्याला आणि लॅब्राडॉरला रबरी दात्यांचा हातमोजा पुरतो.

केसांची चमक शेवटी पोटातून येते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातली उरलेली फोडणी कुत्र्याच्या ताटात जाते, त्यातला कांदा-लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि शिजवलेली हाडं आतडं. रस्सा घालायच्या आधी थोडं मटण आणि भात बाजूला काढून ठेवला तर घरातल्या कुणाचंच बिघडत नाही.

कानांबद्दल थोडक्यात. लोंबत्या कानांत हवा जात नाही, म्हणून लॅब्राडॉर आणि स्पॅनियलचे कान आठवड्याला बघायचे. थोडा पिवळसर मळ चालतो. तपकिरी घट्ट मळ, आंबूस वास, लाली किंवा कानाला हात लावू न देणं, हा आजार. फार झाडल्यानं कानाच्या पाळीत रक्त साचून ती पुरीसारखी फुगते, मग शस्त्रक्रियेपर्यंत पाळी जाते. साफ करायचं ते डॉक्टरनं दिलेल्या द्रावणानं, कापसाच्या बोळ्यानं, बोट जाईल तेवढंच. इअरबड नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको.

नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की वाढली समजा. लांब नखानं पंजा मागं झुकतो, चाल बदलते, सांध्यांवर ताण येतो. रोज डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या कुत्र्याची नखं आपोआप झिजतात. चौथ्या मजल्यावर गुळगुळीत टाइल्सवर राहणाऱ्याची झिजत नाहीत. पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं अंगठ्याचं नख कुणाच्या लक्षात राहत नाही, ते गोल वळून मांसात शिरतं. पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडं कापायचं. काळ्या नखात थोडं थोडं छाटत जायचं आणि कापलेल्या तोंडाच्या मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की थांबायचं. रक्त आलंच तर मक्याचं पीठ दाबून दोन मिनिटं धरा.

दातांवर किटण चढलं की ‘कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच’ असं म्हणून सोडून दिलं जातं. वास येतो तो हिरडीच्या आजाराचा, आणि तीन वर्षांवरच्या बहुतेक कुत्र्यांत तो थोडाफार असतो. मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट, रोज जमलं तर उत्तम. आपली पेस्ट नको, त्यात फ्लोराइड असतं आणि काहींत झायलिटॉल, ते कुत्र्याला विष आहे.

त्वचेचा काही आजार सतत परत येत असेल तर मलमं बदलत बसण्यापेक्षा कातडी खरवडून तपासणी करून घ्यावी. लूत, बुरशी आणि अ‍ॅलर्जी दिसायला सारख्या, औषधं मात्र तीन वेगळी. जनावरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन बाजारातून आणून टोचणारे महाभाग भेटतात. कोली आणि तिच्या जवळच्या जातींत ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जीव घेतं. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर महामार्गानं शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाता येतं. घरातल्या कुणाच्या हातावर, पोटावर गोल चट्टा किंवा रात्री खाज सुरू झाली असेल तर तेही डॉक्टरला सांगा. गजकर्ण आणि खरूज कुत्र्याकडून माणसाला होते.

ग्रूमरकडं न्यायचं असेल तर आधी रिकाम्या हातानं जाऊन दुकान बघा. एका कुत्र्याचा कंगवा दुसऱ्याला वापरण्याआधी धुतात का? रेबीजच्या लसीचं कार्ड मागतात का? न मागणारं दुकान मला तरी चालणार नाही. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवून गरम हवेच्या ड्रायरखाली सोडत असतील तर तिथून निघा. ही कुत्री उष्म्यानं गुदमरतात. शांत राहावं म्हणून गोळी किंवा इंजेक्शन द्यायचा अधिकार ग्रूमरला नाही.

पिल्लू घरात आल्याच्या पहिल्या आठवड्यापासून त्याचे पंजे, कान, ओठ हाताळायची सवय लावली तर पुढं जबरदस्ती करावी लागत नाही. मोठं झालेलं, हात लावू न देणारं कुत्रं असेल तर ब्रश नुसता जवळ ठेवा, खाऊ द्या, दुसऱ्या दिवशी एकदाच फिरवा. एरवी गरीब असलेलं कुत्रं एका ठरावीक जागी हात लावल्यावर गुरगुरत असेल तर रागवू नका, तिथं दुखतंय. आणि या झटापटीत दात लागलाच तर लस झालेलं घरचं कुत्रं आहे म्हणून सोडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जाऊन दाखवायची.

म्हाताऱ्या कुत्र्याला सगळं एका दमात करू नका. त्याला फार वेळ उभं राहवत नाही, मागचे पाय थरथरतात. सतरंजीवर कुशीवर झोपवून एक बाजू आज, दुसरी उद्या. पुढच्या पायांची नखं या आठवड्यात, मागच्यांची पुढच्या. जिथं हाड वर आलंय तिथं ब्रश न लावता ओला पंचा फिरवा, आणि त्याच जागेवर घट्टे पडून कातडी फुटली नाही ना, हे बोटानं बघा.